बर्फ तिकडे, बांध इकडे

वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिका, आर्क्टिक, दक्षिण महासागर आणि हिमालय इथे जाणाऱ्या भारताच्या शास्त्रीय मोहिमा तिथे आखल्या जातात. सड्याच्या खाली मुरगाव बंदर. डिचोली-साखळी पट्ट्यातलं खनिज बार्जमधून मांडवीने उतरत याच बंदरात यायचं. ज्या मांडवीतून ते यायचं, तिच्या काठी खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं आहेत, आणि त्यांचे बांध फुटत असतात. सड्यावरच्या बर्फाच्या अभ्यासाचा या बांधांशी काही संबंध आहे का, यावर मामा-भाचीचा हा वाद. मामा डिचोली तालुक्यातले, मांडवीकाठच्या एका गावचे गावकार. उमेदीची वर्षं बार्जवर काढून तांडेल म्हणून निवृत्त झालेले. भाची पेडण्यात हायस्कुलात विज्ञान शिकवते. माणसं कल्पनेतली आहेत. मुद्दे गोव्यातल्या कुठल्याही गावात ऐकू येतील असे.

मामा : अंटार्क्टिकाची मोहीम निघाली की तू शाळेच्या फळ्यावर बातमी लिहितेस. पोरं टाळ्या वाजवत असतील. मला एवढंच सांग, बाय, बर्फ वितळतो ते बघायला जहाज जातं, आणि आमच्या मानशीची, बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजली ती बदलायला आम्ही अर्जावर अर्ज करत बसतो. यात शहाणपण कुठलं?

भाची : फळीचे पैसे आणि जहाजाचे पैसे वेगवेगळ्या खात्यांचे असतात, मामा.

मामा : खाती वेगळी असतील. कर भरणारा मी एकच.

भाची : ते खरं. मग तुझे पैसे कुठे गेले ते तरी ऐकून घे. सुरुवात तुझ्याच बंदरातून झाली. ६ डिसेंबर १९८१ ला ‘पोलर सर्कल’ नावाचं भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज मुरगावहून सुटलं. एकवीस माणसं. प्रमुख डॉ. सय्यद झहूर कासिम. त्याआधी ते दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतले.

मामा : त्या डिसेंबरात मी मुरगावच्याच पाण्यात होतो. खलाशी होतो तेव्हा. सारमानसच्या धक्क्यावर माल भरायचा, खाली बंदरात रिकामा करायचा, परत वर. जपानला जाणाऱ्या बोटींच्या गर्दीत नॉर्वेची एक बोट सुटली, तर कोणाच्या लक्षात येणार?

भाची : कोणाच्या लक्षात येऊ नये अशीच व्यवस्था होती. पोचेपर्यंत मोहीम गुप्त ठेवली होती.

मामा : आता तर गुप्त नाही ना? तरी सड्यावर काय चालतं ते डिचोलीत कोणाला ठाऊक आहे?

भाची : तिथे एक प्रयोगशाळा उणे २० अंशांवर ठेवलेली असते. बाहेर वास्कोचा घाम, आत माणसं जाड कोट घालून बर्फ कापतात. अंटार्क्टिकात खोल भोक पाडून काढलेले बर्फाचे लांब दंड तिथे आणलेले आहेत. तुझा जुना बांध उभा कापला तर आजोबांनी बसवलेला चिरा कुठला, पणजोबांच्या वेळची चिकणमाती कुठली, ते थराथराने दिसेल की नाही? तसाच तो बर्फ. दर वर्षाचा हिमवर्षाव आधीच्या वर्षावर दाबला जातो. त्यात समुद्राचं मीठ असतं, धूळ असते, ज्वालामुखीची राख असते. पाण्याच्या रेणूतला जड ऑक्सिजन आणि हलका ऑक्सिजन यांच्या प्रमाणावरून त्या काळचं तापमान काढता येतं. आपल्या शास्त्रज्ञांनी अभ्यासलेल्या अशा एका दंडात साधारण १५३० पासून २००२ पर्यंतची नोंद आहे.

मामा : १५३० म्हणजे पोर्तुगीजांनी कोचीनहून राजधानी गोव्यात आणली तो काळ. डिचोली-पेडणं त्यांच्या हाती लागायला आणखी अडीचशे वर्षं जायची होती.

भाची : युरोपियनांनी काढलेला एक दंड तर आठ लाख वर्षं मागे जातो. त्यातल्या बुडबुड्यांत त्या त्या काळची हवा अडकलेली आहे. आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइड हवेच्या दहा लाख भागांत ३०० च्या आसपासच थांबला, वर गेला नाही. आज तो ४२० च्या पुढे आहे. हे कोणाचं मत नाही, बुडबुड्यातली हवा मोजलेली आहे.

मामा : मोजली असेल. आठ लाख वर्षांचा हिशेब ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. पण मला येत्या पुनवेच्या भरतीचं सांग. आणि खरं बोलायचं तर आमचे बांध बर्फामुळे फुटत नाहीत. मी साठ वर्षं बघतोय. पूर्वी बांधाचं काम गावकारी बघायची. पावसाळ्याआधी पाहणी, कोणी किती माती टाकायची ते ठरलेलं, न येणाऱ्याला दंड. १९६४ चा कूळकायदा आला, शेत कुळांकडे गेलं ते न्यायाचंच झालं. पण बांधही त्यांच्या संघटनेकडे गेला, आणि त्यांच्यापाशी ना पैसा ना माणसं. मग मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायला लागली. पावणी घेणाऱ्याला मासे हवेत, भात नको. तो खारं पाणी आत घेऊन ठेवतो. बांध आतून भिजतो, खेकडे पोखरतात, आणि एका उधाणाला जातो. आमच्या कोरगुट भाताला थोडं मीठ सोसतं, पण समुद्र नाही सोसत. यात तुझा दक्षिण ध्रुव कुठे आला?

भाची : एवढंच कारण? बार्ज विसरलास.

मामा : बार्जचं काय?

भाची : भरलेली बार्ज नदीतून जाते तेव्हा तिची लाट काठाला लागते. दिवसातून किती, वर्षानुवर्षं. बांधाचा पाय त्या लाटांनी खाल्ला असं मांडवीकाठचे शेतकरी ओरडून सांगत होते. आणि खाणींवरची लाल माती पावसात वाहून शेतात बसली ती वेगळी.

मामा : ते मी नाकारत नाही. पण त्याच बार्जच्या पगारावर तुझ्या आईचं लग्न झालं, आणि बांधाची वर्गणी भरणारे पण आम्हीच होतो.

भाची : तुला दोष देत नाही मी. सांगते एवढंच की बांध फुटायला एक कारण पुरत नाही. गावकारी गेली, पावणी आली, लाटा लागल्या. आता त्यात समुद्र भर घालतोय. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरचा समुद्र सरासरी २० सेंटिमीटर चढला. उत्तर हिंदी महासागर गेल्या शतकात वर्षाला दीडेक मिलिमीटर चढत होता. १९९३ नंतर तोच वेग ३.३ मिलिमीटरवर गेला. उत्तर हिंदी महासागराचे हे आकडे भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहेत.

मामा : तीन मिलिमीटर! पावसाळ्यात गोगलगाय बांधावर चढते ती याहून जास्त चढते.

भाची : गोगलगाय खाली उतरते, मामा. हे पाणी उतरत नाही. आमच्या पेडण्यात केरीच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं मुळं उघडी पडून पडली, ती पाहिलीस तू. त्याला लाटा, वाळूची हालचाल अशी बरीच कारणं आहेत. पण लाट कुठून सुरू होते ती पातळी वर सरकली की प्रत्येक कारणाला बळ मिळतं. आणि यातली एक गोष्ट मुलांना सांगते तेव्हा ती वाद घालतात, तशी तूही घालशील. अंटार्क्टिकाचा बर्फ इतका प्रचंड आहे की तो आजूबाजूचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. बर्फ कमी झाला की ही ओढ कमी होते. जवळचं पाणी सैल पडून खाली जातं आणि लांबच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा जास्त चढतं. म्हणजे तिथला बर्फ गेला तर त्याचा फटका तिथे कमी आणि गोव्यासारख्या लांबच्या किनाऱ्यांना जास्त.

मामा : चोर लांबचा आणि दंड आपल्याला. बरं, मानलं. मग एक आकडा दे. बांध किती उंच करू? एक फूट चढवायचा तर पायाही रुंद करावा लागतो, म्हणजे शेताची जमीन जाते. आकडा चुकला तर दोन्हीकडून बुडालो.

भाची : या शतकाच्या अखेरीपर्यंतचा जगाचा अंदाज आहे : १९९५ ते २०१४ च्या पातळीपेक्षा २८ सेंटिमीटर ते एक मीटर जास्त.

मामा : म्हणजे फुटाला थोडं कमी ते सव्वातीन फूट! याला आकडा म्हणतात? सव्वातीन फुटांत माझं अख्खं खाजन जातं, फुटात कदाचित वाचतं.

भाची : बरोबर, आणि माझा सगळा मुद्दा इथेच आहे. ही रुंदी दोन गोष्टींमुळे आहे. एक, जग किती कोळसा-तेल जाळणार. दुसरी, अंटार्क्टिकाचा आणि ग्रीनलँडचा बर्फ कसा वागणार. पहिली राजकारण्यांच्या हातात. दुसरी मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मोजायला तिथे जावंच लागतं. उपग्रह वरून बघतो, पण बर्फाच्या खाली समुद्राचं कोमट पाणी किती शिरतंय, ते यंत्र पाण्यात सोडूनच कळतं. तू बांधाच्या उंचीचा आकडा मागतोस आणि तो आकडा नेमका करायला निघालेल्या जहाजाला फुकट म्हणतोस.

मामा : हं. हे आधी का नाही सांगितलंस? तरी सगळं पटलं असं समजू नकोस. माणसं जाऊन मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

भाची : एक उदाहरण देते. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळाजवळ दक्षिण गंगोत्री नावाची हिमनदी आहे. १९८३ च्या दुसऱ्या मोहिमेत तिचा नकाशा केला. तेव्हापासून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं तिच्या तोंडापाशी खुणा करून ती किती मागे सरकली ते मोजत आली आहेत. सरासरी निघते वर्षाला मीटरभराहूनही कमी.

मामा : मीटरभर! आमचा बांध एका रात्रीत तीन मीटर जातो आणि त्यासाठी कोणी मोहीम काढत नाही.

भाची : तुझा बांध गेल्या चाळीस वर्षांत कुठे किती वेळा गेला, सांगशील?

मामा : सांगतो की. अमक्या वर्षी नदीकडच्या वळणावर, मग... तोंडी सांगेन.

भाची : तोंडी. त्या हिमनदीचं लेखी आहे. म्हणून तिच्याबद्दल कोणाला काही सिद्ध करता येतं, आणि तुझ्या बांधाबद्दल नुसता अर्ज करता येतो.

मामा : लागलं मला. पण ऐक, मोहिमेवरचे सगळेच काही शहाणे नव्हते. पहिला तळ बर्फात गाडला गेला असं मी वाचलंय. खरं का?

भाची : खरं. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दक्षिण गंगोत्री याच नावाचा तळ बांधला तो समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या थरावर. हिमवर्षावाखाली तो दबत गेला आणि १९९० मध्ये सोडून द्यावा लागला. नंतरचा मैत्री तळ खडकावर आहे, शिर्माखर ओअॅसिसमध्ये, गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी. २०१२ चा भारती तळ तर १३४ कंटेनर जोडून केला आहे. काम संपलं की उचलून आणता येईल असा. त्या तिसऱ्या मोहिमेचं आणखी एक मी मुलींना सांगते. दोना पावलाच्या संस्थेतल्या अदिती पंत त्यात होत्या, जन्म नागपूरचा. सोबत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया.

मामा : नागपूरची बाई बर्फावर गेली, चांगलं झालं. आता माझ्या धंद्यातलं विचारतो. खाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाला ‘आम्ही फक्त संशोधनाला जातो’ हे सांगू नकोस. आमच्याकडेही पहिल्यांदा भूशास्त्रज्ञच आला होता. नमुने घेतले, नकाशा केला. मागून लीज आली, मागून ट्रक.

भाची : अंटार्क्टिकापुरतं उत्तर आहे. १९९१ च्या माद्रिद करारनाम्याने तिथे खनिज काढायला बंदी घातली. १९९८ पासून ती लागू आहे. आपण २०२२ मध्ये त्यासाठी स्वतःचा कायदाही केला. २०४८ ला ती बंदी संपते असं लोक सांगतात, ते चूक. त्या वर्षानंतर फेरविचाराची बैठक मागता येते, एवढंच.

मामा : मागता येते म्हणजे कोणीतरी मागणार. आणि उत्तर ध्रुवाकडे?

भाची : तिथे तुझा संशय खोटा नाही. आर्क्टिकचा समुद्र मोकळा होतोय तसे तेल, वायू, जहाजांचे मार्ग यावर सगळ्यांचे डोळे आहेत. भारताच्या २०२२ च्या आर्क्टिक धोरणात विज्ञानाबरोबर आर्थिक सहकार्यही लिहिलेलं आहे. पण एक गंमत ऐक. आपला हिमाद्री तळ २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर न्यू-ओलेसुंडला सुरू झाला. ते गाव मुळात कोळशाच्या खाणीचं. १९६२ मध्ये स्फोट होऊन एकवीस खाणकामगार गेले, खाण बंद पडली, आणि पुढे ते गाव शास्त्रज्ञांचं झालं. आज अनेक देशांची केंद्रं तिथे आहेत.

मामा : बघ! त्यांची खाण बंद झाली तर प्रयोगशाळा आली. आमची २०१२ ला बंद झाली, मग सुरू, मग २०१८ ला परत काही वर्षं बंद. आमच्याकडे काय आलं? दारात उभे ट्रक आणि बँकेचे हप्ते. तुझ्या सड्यावरच्या केंद्राने डिचोलीतल्या एकातरी पोराला विचारलं का, ये बाबा, खाणीवर यंत्रं चालवत होतास, इथे चालव म्हणून?

भाची : विचारायला हवं होतं, आणि ते मी तुझ्या बाजूने बोलते. पण तो दोष गोव्याचा. बर्फाच्या अभ्यासाचा नाही.

मामा : आणि तुमचं ते जहाज? तेही डिझेलच पितं ना? बर्फ वाचवायला डिझेल जाळायचं.

भाची : जाळतं. पण ज्या खनिजाच्या तू बार्ज भरल्यास, ते जपानच्या भट्ट्यांत कोळसा जाळून वितळलं. आज मुरगावला कोळसा उतरतो. त्या बंदरातून कारणही बाहेर गेलं आणि कारणाचा शोध घेणारं जहाजही. दोघांचं वजन करायला बसलास तर जहाज फार हलकं भरेल.

मामा : बरं, पावसाचं बोल. २३ जुलै २०२१ ला पेडणं, डिचोली, सत्तरी पाण्यात होती. माणसं म्हणाली, १९८२ नंतर असा पूर नव्हता. तुझा उत्तर ध्रुव त्याला कारण?

भाची : तसं मी म्हणणार नाही. सड्यावरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नातं सापडलं ते वेगळं. आर्क्टिकमधल्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी झाला की उघडं पाणी हवेत उष्णता सोडतं. त्याने वरच्या हवेत मोठ्या लाटा उठतात, त्या युरोपवरून मध्य आशियाकडे येतात, आणि अरबी समुद्र तापलेला असेल तर पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते. सप्टेंबरचं नातं जुलैच्या पुराला लावलं तर मी शास्त्राशी खोटं बोलले असं होईल.

मामा : सप्टेंबर म्हणजे आमचं भात पोटरीत. तेव्हाचा पाऊस जुलैच्या पुराहून वाईट. मग हा अभ्यास शेतकऱ्याच्या कामाचा आहे. पण तो माझ्यापर्यंत पोचला कसा? भाची शिक्षिका झाली म्हणून. माझ्या शेजाऱ्याची भाची दुबईला आहे. त्याने काय करायचं?

भाची : यावर माझ्याकडे तुला हरवायला काही नाही. माहिती ध्रुवावरून वास्कोला येते, वास्कोहून जगातल्या नियतकालिकांत जाते, आणि खाडी ओलांडून डिचोलीत येत नाही. पण ती आली तरी तुला पुरणार नाही. सड्यावरून जगाचा आकडा मिळेल, फार तर मुरगावच्या भरतीमापकाचा मिळेल. तुमच्या मानशीपाशी पाणी किती चढतं तो आकडा फक्त गावच देऊ शकतं. एक खांब रोवायचा, सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, दर अमावास्येला नि पुनवेला मोठ्या भरतीची पातळी लिहायची. पाच वर्षांनी तुमचा अर्ज अर्ज राहणार नाही.

मामा : पाच वर्षं कोण लिहिणार?

भाची : तुमच्या गावच्या शाळेतली मुलं. पेडण्यात शापोऱ्याच्या आणि तेरेखोलच्या काठी माझी मुलं लिहितील.

मामा : खांब मी रोवून देतो, जुन्या मानशीचं लाकूड आहे घरात. लिहा, पण पाण्याची उंची एका रकान्यात लिहा आणि त्या महिन्यात बांधावर माती टाकायला किती माणसं आली ते शेजारच्या रकान्यात. पहिला आकडा चढताना दिसेल हे तू पटवलंस. दुसरा शून्यावर राहिला तर तुझं आख्खं अंटार्क्टिका मोजून आणलंस तरी खाजन वाचणार नाही, हे पोरांना शिकवशील का?